शीला बर्लिंग नेमकी कुठे बदलते? ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

जे. बी. प्रीस्टली यांचं ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ अभ्यासाला असलं की शीला बर्लिंगवरचा प्रश्न ठरलेला, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं. आधी लाडावलेली, उथळ मुलगी. मग चूक कळते, रडू येतं. शेवटी शहाणी होते. यात खोटं काही नाही. पण रडू येतं ते पहिल्याच अंकात. बदल म्हणजे पश्चात्ताप, एवढंच असेल तर पुढचे दोन अंक तिला रंगमंचावर ठेवण्याचं कारणच उरत नाही.

हा लेख नाटक नव्याने हातात घेणाऱ्यांसाठी आहे. परीक्षेला बसणारे असोत, सहज वाचायला घेतलेले असोत किंवा हौशी प्रयोगात शीलाचं काम मिळालेले असोत. खाली सगळं कथानक उघड केलं आहे, तेव्हा पहिलं वाचन राहिलं असेल तर ते आधी उरकून घ्या.

पायरी १: एका बैठकीत, पेन्सिल न घेता

नाटक लहान आहे आणि ते सलग वाचण्यात अर्थ आहे. रंगमंचावरचा काळ इथे प्रेक्षकांच्या घड्याळाबरोबर चालतो. पहिला अंक संपताना, एका मुलीच्या मृत्यूची चौकशी करायला आलेला इन्स्पेक्टर गूल दारात उभा असतो, दुसरा अंक उघडतो तेव्हाही तो तिथेच असतो. म्हणजे शीलामध्ये जे काही घडतं ते एका संध्याकाळी, एका घराच्या जेवणाच्या खोलीत घडतं. हे ध्यानात राहिलं की ‘काळाच्या ओघात ती परिपक्व होत गेली’ असली वाक्यं उत्तरातून आपोआप गळून पडतात.

पुस्तक घेताना रंगसूचना पूर्ण असलेली आवृत्ती घ्या. सारांशाच्या पुस्तिकांवर भागवू नका. पात्रांची वयं, बोलण्याचा सूर, दिवे, हे सगळं प्रीस्टली रंगसूचनांत सांगून ठेवतात. इन्स्पेक्टर येईपर्यंत प्रकाश गुलाबी आणि घरगुती जवळिकीचा, तो आल्यावर जास्त उजळ आणि कठोर, असं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे.

पायरी २: दोन सालं वहीत लिहून ठेवा

नाटक घडतं १९१२ च्या वसंतात, इंग्लंडच्या नॉर्थ मिडलँड्स भागातल्या ब्रम्ली नावाच्या काल्पनिक कारखानदारी शहरात. लिहिलं गेलं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. पहिले प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत संघात झाले, लंडनला ते १९४६ मध्ये लागलं. मधल्या वर्षांत दोन महायुद्धं होऊन गेली होती. त्यामुळे शीलाचे वडील आर्थर बर्लिंग छाती पुढे काढून टायटॅनिक बुडूच शकत नाही, युद्ध होणारच नाही असं सांगतात तेव्हा प्रेक्षक त्यांच्यापेक्षा कितीतरी पुढे असतो.

बर्लिंगच्या या फजितीवर सगळेच लिहितात. शीलासाठी ही दोन सालं निराळ्या कारणाने महत्त्वाची आहेत. ती विशीच्या सुरुवातीची आहे. म्हणजे १९४६ च्या प्रेक्षागृहात तिच्या वयाच्या बायका पन्नाशी ओलांडून बसलेल्या होत्या. प्रीस्टली स्वतः १८९४ साली ब्रॅडफर्डला जन्मले. १९१२ साली ते अठरा वर्षांचे होते, लोकरीच्या व्यापाराच्या कचेरीत कारकुनी करत होते आणि १९१४ मध्ये सैन्यात गेले. तरुण पिढी म्हणून नाटककार ज्यांच्याकडे बोट दाखवतो ती त्याचीच पिढी आहे. ‘तरुणांवर आशा’ या वाक्यात जो गोडवा वाटतो तो या हिशेबाने बराच कमी होतो, कारण त्या तरुणांनी पुढे काय केलं, त्यांचं काय झालं, हे प्रेक्षकांना ठाऊक होतं.

आणखी एक नोंद. १९१२ मध्ये ब्रिटनच्या संसदेसाठी बायकांना मताचा हक्क नव्हता. तो १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या काही बायकांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने मिळाला. शीलाला मत नाही, कामधंदा नाही, आणि मोठ्यांचं महत्त्वाचं बोलणं सुरू झालं की आई तिला घेऊन दिवाणखान्यात जाते. तिच्या हातात सत्ता म्हणावी अशी एकच गोष्ट आहे: मोठ्या दुकानात घरच्या नावाचं खातं.

पायरी ३: बेल वाजण्यापूर्वीची शीला

आता पेन्सिल घ्या. दारावरची बेल वाजेपर्यंत शीला जे जे बोलते त्याखाली रेघ मारा. साखरपुड्याची मेजवानी चालली आहे, ती खुशीत आहे, अंगठी पाहून हरखते आणि होणारा नवरा जेराल्ड क्रॉफ्ट याला विचारते की मी हीच घालावी असं तुझ्या मनात होतं ना. हे वाचून तिला बाहुली ठरवण्याचा मोह होतो. पण त्याच गप्पांत ती जेराल्डला अर्धवट थट्टेत टोचते की गेला अख्खा उन्हाळा तू माझ्याकडे फिरकलाही नाहीस. तो कामाचं कारण देतो. आई समजावते की मोठी कामं करणाऱ्या पुरुषांचं असंच असतं, तुलाही सवय करून घ्यावी लागेल. शीला म्हणते, मला नाही वाटत मला जमेल.

म्हणजे हिला दिसत सगळं असतं. दिसलेलं ती पुढे रेटत नाही, हसून सोडून देते. भावाच्या दारूचंही तसंच. पुढे दुसऱ्या अंकात तीच आईला सांगते की एरिक गेली दोन वर्षं सारखा पीत आलाय. दोन वर्षं ठाऊक होतं आणि ती गप्प होती. ‘सुरुवातीला भोळी होती’ असं लिहिण्याआधी हे आठवा. भोळेपणा आणि सोयीची डोळेझाक यांत फरक आहे, आणि मला तर ती दुसऱ्या गटात बसते असंच वाटतं.

मग इव्हा स्मिथ या मुलीने जंतुनाशक पिऊन जीव दिल्याची बातमी येते. शीलाला धक्का बसतो, पण तिचं बोलणं नीट ऐका. आज मी इतकी आनंदात होते, तुम्ही हे मला सांगायलाच नको होतं. आणि पाठोपाठ दोन चौकशा: लहान होती का? दिसायला सुंदर होती का? हा दुसरा प्रश्न खुणेने ठेवा. थोड्या वेळाने तो तिच्यावरच उलटणार आहे.

इथेच ते प्रसिद्ध वाक्य येतं: या मुली म्हणजे स्वस्तातले मजूर नाहीत, माणसं आहेत. इव्हा बर्लिंगच्या कारखान्यात होती. सप्टेंबर १९१० मध्ये मुलींनी आठवड्याला सरासरी साडेबावीस शिलिंगांऐवजी पंचवीस मागितले, संप झाला, फसला, आणि पुढाकार घेणाऱ्या मुलींना काढून टाकण्यात आलं. मागणी अडीच शिलिंगांची, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांची. शीलाचं वाक्य खरंच चांगलं आहे. पण ते बदलाचा पुरावा म्हणून वापरू नका, कारण त्या क्षणी कठड्यात वडील उभे आहेत, ती नाही. दुसऱ्याच्या चुकीवर उदार होणं तिला अजून फुकटात पडतंय.

पायरी ४: मिलवर्ड्समधला आरसा, सावकाश

नाटकातली कुठलीही दोनच पानं दोनदा वाचायला वेळ असेल तर ही वाचा.

कारखान्यातून काढल्यावर दोन महिने इव्हाला काम नव्हतं. डिसेंबर १९१० मध्ये तिला मिलवर्ड्स या कपड्यांच्या दुकानात नोकरी लागली. जानेवारी १९११ च्या अखेरीस तीही गेली. ती घालवली शीलाने. तिने पसंत केलेला एक पोशाख आईला आवडला नव्हता, दुकानातल्या मिस फ्रान्सिसलाही नाही. शीलाने हट्टाने तो घालून पाहिला आणि आरशात बघताच तिला कळलं की त्या दोघींचं बरोबर होतं. इव्हाने तो पोशाख कामाच्या खोलीतून वर आणला होता. मघाशी काहीतरी दाखवायला म्हणून तिने तो स्वतःच्या अंगाशी धरला होता, आणि तो तिला अगदी शोभून दिसला होता. आता आरशात शीलाला दिसलं की इव्हा मिस फ्रान्सिसकडे बघून हसते आहे. शीला तडक व्यवस्थापकाकडे गेली: हिला काढा, नाहीतर मी इथे पाऊल टाकणार नाही आणि आईला सांगून आमचं खातं बंद करायला लावीन.

हा प्रसंग वाचताना चार जागी थांबा.

एक, आरसा. इव्हा हसली की नाही, कशाला हसली, हे आपल्याला फक्त शीलाकडून कळतं, आणि शीलाने ते आरशातून पाहिलं आहे, स्वतःवर चिडलेली असताना. इव्हाची बाजू नाटकात कुणीच मांडत नाही, कारण ती मेलेली आहे.

दोन, कबुलीची पद्धत. इन्स्पेक्टर विचारतो तेव्हा ती फार आढेवेढे घेत नाही. मी संतापले होते, आधीपासूनच वैतागलेली होते, चूक त्या मुलीची नव्हती, माझीच होती. वडिलांची हकीकत याच्याशेजारी ठेवा. ते संपाचं सगळं सांगतात, आणि शेवटी मी केलं ते योग्यच होतं म्हणून मोकळे होतात.

तीन, तिची सफाई. ती म्हणते, पुढे काय होईल हे मला कसं कळणार? ती एखादी केविलवाणी, साधीसुधी मुलगी असती तर मी असं केलंही नसतं. पण ती इतकी सुंदर होती, स्वतःचं निभावून नेईल अशी वाटत होती, मला तिची कीव येणं शक्यच नव्हतं. म्हणजे दया दाखवायची तर समोरच्याने आधी आपल्यापेक्षा खाली असावं लागतं. मघाचा ‘सुंदर होती का’ हा प्रश्न आता पुन्हा वाचून बघा.

चार, आणि हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ती म्हणते की मिलवर्ड्समधल्या मुली कधीकधी माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, आज दुपारीही मला ते जाणवलं. आज दुपारी! त्या प्रसंगाला वर्ष उलटून गेलं, तेव्हा वाईट वाटल्याचं ती स्वतःच सांगते, आणि तरी ती त्याच दुकानात जात राहिली. वाईट वाटणं आणि वागणं यांची गाठ तोवर पडलेली नव्हती. आताही पुन्हा असं कधी करणार नाही म्हटल्यावर लगेच ती काय म्हणते? मला आता तिथे तोंड दाखवता येणार नाही, हे कशाला घडलं. मरण इव्हाचं, पण वाक्याच्या शेवटी पुन्हा ‘मी’ येऊन बसतेच.

या सगळ्यावर तिचा इन्स्पेक्टरला केलेला एक प्रश्न ठळक अक्षरांत लिहून ठेवा: मी जे केलं त्याने तिला फार फरक पडला का? उत्तर येतं की हो, तिची तीच शेवटची धड पक्की नोकरी होती. शीला आपला अपराध परिणामाच्या मापाने मोजते आहे. पुढची वाईट गोष्ट घडली म्हणून मी वाईट, इतका तिचा हिशेब सरळ आहे. हे माप तिसऱ्या अंकात बदलतं, आणि मला विचाराल तर तिचा नैतिक प्रवास तो एवढाच आहे.

पायरी ५: दुसरा अंक भरभर, पण तीन ठिकाणी खूण

पहिली खूण: जेराल्ड तिला खोलीबाहेर पाठवू पाहतो, ती थांबते. इतरांची फजिती बघायची आहे म्हणून थांबतेस, असा आरोप तो करतो. तिचं खरं कारण वेगळं आहे. दोष आपला आहे हे तिला मान्य आहे, पण एक मुलगी केवळ आपल्यामुळे मेली हे तिला सोसवत नाही, आणि बाकीचं ऐकल्याशिवाय चैन पडणार नाही. इन्स्पेक्टरही तेच म्हणतो की ती आता निघून गेली तर सगळं ओझं रात्रभर एकटीच वाहत बसेल. हे थांबणं निव्वळ धैर्याचं नाही, त्यात सुटकेची आस आहे. उत्तरात दोन्ही लिहा.

दुसरी: मिसेस बर्लिंग ऐटीत आत येतात आणि शीला त्यांना अडवते. आपण आणि ती मुलगी यांच्यात भिंत बांधू नकोस, बांधलीस तर इन्स्पेक्टर ती पाडेल. भिंत कशी दिसते हे तिला कळतं, कारण तासाभरापूर्वी ती त्याच भिंतीच्या आत सुखात बसली होती.

तिसरी: मिसेस बर्लिंग ब्रम्लीच्या महिला धर्मादाय संस्थेत असतात आणि गरोदर इव्हाला त्यांनीच मदत नाकारलेली असते. सगळा दोष त्या मुलाच्या बापाचा, त्याच्यावर कडक कारवाई करा, असा त्यांचा सपाटा चालू असताना शीलाच्या लक्षात येतं की तो बाप एरिक आहे. आई, थांब, असं ती कळवळून सांगते, आई थांबत नाही. अंक एरिकच्या येण्यावर संपतो.

पायरी ६: अंगठी

अंगठी तीनदा महत्त्वाची ठरते, तीनही जागा शोधून एकाखाली एक लिहा. मेजवानीत ती घालते. दुसऱ्या अंकात, जेराल्डने डेझी रेंटन या नावाने वावरणाऱ्या इव्हाला आसरा दिला, ठेवून घेतलं आणि सोडलं हे कळल्यावर ती परत करते. तिसऱ्या अंकात जेराल्ड ती पुन्हा पुढे करतो.

परत करतानाचा सूर चुकवू नका. ‘फसवणूक कळल्यावर संतापून लग्न मोडलं’ असं पुष्कळ वह्यांत सापडतं. संहितेत उलट आहे. ती आधी त्याला परीकथेतला राजपुत्र म्हणून टोचते खरी, पण अंगठी देताना म्हणते की अर्ध्या तासापूर्वी तुझा जितका राग आला होता तितका आता नाही, एका अर्थी तुझ्याबद्दलचा आदर वाढलाच आहे, कारण तू खरं बोललास. फक्त जेवायला बसलेली तू आणि मी ही माणसं आता उरलेली नाहीत, पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागेल. तेव्हाच्या तशा घरात साखरपुडा म्हणजे दोन धंद्यांची सोयरीकही होती. क्रॉफ्ट आणि बर्लिंग एकमेकांशी न स्पर्धा करता काम करतील, अशी आशा आर्थर बर्लिंगनी मेजवानीत बोलून दाखवलेलीच असते. त्या पार्श्वभूमीवर तिचं एवढं शांत बोलणं वाचा.

पायरी ७: इन्स्पेक्टर गेल्यानंतर

खरी परीक्षा इथे आहे. इन्स्पेक्टर निघून जातो, आणि तो खरा पोलीस होता का अशी शंका पहिल्यांदा कोण काढतं? शीलाच. मात्र ती सुरुवातीलाच म्हणते की आता त्याने फारसा फरक पडत नाही. बर्लिंगना मात्र जगातला सगळा फरक पडतो. मग जेराल्ड बाहेरून खबर आणतो की या नावाचा इन्स्पेक्टर पोलिसांत नाही, बर्लिंग चीफ कॉन्स्टेबलला फोन करून खात्री करतात, जेराल्ड इस्पितळात विचारतो आणि कळतं की जंतुनाशक पिऊन मेलेली कुणी मुलगी आज तिथे आलेलीच नाही. कदाचित फोटो वेगवेगळ्या मुलींचे असतील, आपण सगळे एकाच मुलीबद्दल बोलत होतो हे कशावरून? खोलीतली हवा सैल होते. हसू परत येतं.

आता शीलापुढे परतीची वाट उघडी आहे, तीही बिनखर्चाची. कुणी मेलेलं नाही. कुणी तपास करत नाही. अंगठीही समोर आहे. पहिल्या अंकातल्या मापाने बघितलं तर ती निर्दोष आहे, कारण परिणामच उरला नाही.

आणि ती तो सुटकेचा दाखला घेत नाही. तिचं म्हणणं असं: आपण जे केलं असं आपण कबूल केलं ते तर खरोखर घडलं होतं. त्याचा शेवट वाईट झाला नसेल तर ते आपलं नशीब. होऊ शकला असता.

पहिल्या अंकातल्या ‘तिला फार फरक पडला का’ शेजारी हे ठेवा. तिथे ती परिणामावरून अपराध ठरवत होती, इथे परिणाम वजा करूनही अपराध जागेवर ठेवते. माझ्या वाचनात तिचा सगळा प्रवास या दोन वाक्यांच्या मधे आहे. रडणं, माफी, आईला अडवणं हे वाटेतले थांबे.

एक आक्षेप तुम्हाला वर्गात किंवा तालमीत ऐकू येईल: शीला शेवटी इन्स्पेक्टरचीच पोपटपंची करते. त्यात तथ्य आहे. ‘आग, रक्त आणि यातना’ हे शब्द त्याचे, ती ते तसेच पुन्हा उच्चारते. त्याने मला काय जाणवून दिलं ते मी विसरू शकत नाही, असंही म्हणते. पण ‘शेवट वाईट झाला नसेल तर ते आपलं नशीब’ हा युक्तिवाद इन्स्पेक्टरने कुठेही केलेला नाही. त्याला करायची वेळच आली नाही, त्याच्यासाठी मुलगी मेलेलीच होती. हा विचार तिचा स्वतःचा आहे.

पायरी ८: शेजारी एरिक आणि जेराल्ड

एरिकही शीलाच्या बाजूने उभा राहतो, आणि त्याचा गुन्हा तिच्याहून खूप मोठा आहे: त्याने इव्हावर जबरदस्ती केली आणि वडिलांच्या कचेरीतून सुमारे पन्नास पौंड चोरले. त्याच्याकडे लपायला जागाच नाही. शीलाकडे आहे, म्हणून तिचं न लपणं जास्त मोलाचं. जेराल्ड मधल्या वयाचा, तिशीचा. त्याला इव्हाबद्दल खरं दुःख होतं, पण सुटकेची वाट सापडताच तो त्या वाटेने बाहेर पडतो. दुःख आणि बदल यांत किती अंतर असू शकतं ते जेराल्डकडून शिका. याहून जास्त तुलना शीलावरच्या उत्तरात नको.

पायरी ९: लिहिताना

अतिशयोक्ती टाळा. पडदा पडेपर्यंत शीलाने खोलीबाहेर काहीही केलेलं नाही. एकाही मुलीचा पगार वाढलेला नाही, खातं बंद झालेलं नाही, ती वडिलांच्याच घरात आणि वडिलांच्याच पैशांवर आहे. ‘ती समाज बदलते’ असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच थांबेल. ती स्वतःकडे बघण्याची रीत बदलते, तेवढं सिद्ध करा.

अनेक मार्गदर्शकांत एक मुद्दा असतो की आधी ती लाडाने ‘मम्मी’ म्हणते, नंतर ‘मदर’, म्हणून ती मोठी झाली. वापरा हवा तर, पण त्यावर भार टाकू नका. पहिल्या अंकात मिलवर्ड्सची हकीकत सांगतानाही ती ‘मदर’च म्हणते.

कच्चं वाक्य कसं दिसतं: ‘शीलाला आपल्या चुकीची जाणीव होते आणि ती एक चांगली व्यक्ती बनते.’ पक्कं करायचं असेल तर जागा, पुरावा आणि त्यावरून तुम्ही काय म्हणता, असं तिन्ही एकत्र आणा: ‘तिसऱ्या अंकात मुलीचा मृत्यू झालाच नसावा असं दिसत असताना शीला जेराल्डची अंगठी घेत नाही. पहिल्या अंकात आपल्या वागण्याचा इव्हाला किती फरक पडला यावर स्वतःचा दोष तोलणारी शीला आता परिणाम काहीही असो, वागण्याची जबाबदारी घेते.’ अवतरणं लहान घ्या, अर्धी ओळ पुरते.

शेवटचा फोन जपून वापरा. बर्लिंग तरुणांची टर उडवत असतात, यांना साधी चेष्टाही कळत नाही म्हणून, आणि फोन वाजतो: एक मुलगी जंतुनाशक पिऊन इस्पितळात नेताना आत्ताच मेली आहे, चौकशीसाठी पोलीस इन्स्पेक्टर निघाला आहे. ‘अखेर शीलाचंच खरं ठरलं’ असा निष्कर्ष इथे फार सहज सुचतो. पण असं लिहिलंत तर सातव्या पायरीवर मांडलेलं सगळं तुम्हीच खोडून काढता, कारण तिचं म्हणणं कुणी मेलं की नाही यावर टेकलेलंच नव्हतं. फोनवर लिहायचं असेल तर बर्लिंग आणि जेराल्डसंदर्भात लिहा. शीलावरचा परिच्छेद फोन वाजण्याआधी, अंगठीपाशी संपवा.

आणि तालमीत असाल तर त्या अंगठीच्या ओळीवर वेळ काढा. जेराल्ड विचारतो तेव्हा ती ‘कधीच नाही’ म्हणत नाही. इतक्यात नको, मला विचार करायला हवा, असं म्हणते. नट्या ते बऱ्याचदा ठाम नकार म्हणून फेकतात आणि टाळी घेतात. संहितेत ठामपणा नाही, घाई नसणं आहे. तसंच म्हणून बघा.